घरात आवाज नको

१२ जुलै

छोट्या,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. मुद्दाम.

गेल्या आठवड्यात तू बाबांना माझ्या दारात आणलंस, त्यांची ट्रंक आत सरकवलीस आणि 'खाली गाडी थांबलीय' म्हणत जिना उतरून गेलास. चहा नको, पाणी नको. बाबा खिडकीत उभे राहून हात हलवत होते, तू मान वर करून बघितलंही नाहीस. मला वाटलं, चार दिवस राहायला आले असतील. ट्रंक उघडली तर आत थंडीचे स्वेटर! भर जुलैत स्वेटर बघितल्यावर मी काय समजायचं ते समजले.

बोलावं म्हणून तुझ्या घरी फोन लावला, तर हा नंबर बंद झालाय. ऑफिसात लावला तर साहेब बैठकीत. पाण्याची बिलं काढायच्या ऑफिसात सकाळ-संध्याकाळ कसली रे बैठक चालते? म्हणून हे पत्र. पत्राला तरी बैठकीत आहे म्हणून सांगता येणार नाही.

माझं घर तू बघितलंयस. पुढच्या खोलीत तीन शिलाई मशीनं, कामाला दोन बायका, आणि पाय ठेवीन तिथे शाळांच्या गणवेशांचे गठ्ठे. यंदाची कामं अजून उरकलेली नाहीत. तरीही बाबा मला जड झालेत असं समजू नकोस, माझेही ते बाप आहेत. पण हलवण्याआधी त्यांना एका शब्दाने विचारलंस का? दिवसभर ते कापडाच्या गठ्ठ्यावर बसून असतात. शाळा सुटायची वेळ झाली की उठून दाराशी जातात. काल विचारलं, कोणाची वाट बघताय? तर म्हणाले, "भिंगरी यायचीय अजून."

तुझ्या पोरीची वाट बघतायत ते, माझ्या दारात उभं राहून. त्यांना वाटतंय ती इथे येईल. मी काय सांगू त्यांना?

उत्तर पाठव. उत्तरात कारण लिही, सबबी नकोत.

ताई


२० जुलै

ताई,

तुझं पत्र मिळालं. ऑफिसच्या पत्त्यावर टाकलंस ते बरं केलंस. घरी पोस्टमन आला की खालून हाका मारतो.

कारण हवंय ना, ऐक. यंदा भिंगरीचं शाळेचं शेवटचं वर्ष. मार्चमधल्या परीक्षेत काय होतं त्यावर तिचं सगळं पुढचं शिक्षण ठरणार. आम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय, या वर्षी घरात आवाज नको. फोन काढून टाकला. दाराची घंटा काढली. रेडिओ मेव्हण्याला दिला. खुर्च्यांच्या पायांना जाड कापड बांधलंय. कुकरची शिट्टी नको म्हणून भिंगरीची आई पहाटे उठून पातेल्यात भात शिजवते आणि मग हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीत दिवसभर उभी राहायला जाते. एका शब्दाने तक्रार करत नाही. आम्ही पोटच्या पोरीसाठी एवढं करतोय, आणि तू मला बैठकीवरून टोमणे मारतेस.

आता बाबांचं. शाळेतून आली की भिंगरी त्यांच्यासमोर मांडी घालून बसायची आणि त्या दिवसाचा धडा त्यांना सांगायची. सांगायची म्हणजे ओरडायची, बेंबीच्या देठापासून, कारण बाबांना कमी ऐकू येतं. मध्येच बाबा हात वर करून गरजायचे, "चूक! परत सांग!" की ही पुन्हा पहिल्यापासून सुरू. खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, तुमच्याकडे रोज संध्याकाळी भांडण होतं का? 'अहो, ते आम्लं आणि अल्कली आहेत' असं मला तिथे उभं राहून सांगावं लागलं. लाजेने मान खाली गेली.

बाबा चार इयत्ता शिकलेत. आयुष्यभर बॉयलरच्या पत्र्यावर हातोडा मारला. रसायनशास्त्रात काय चूक आणि काय बरोबर, हे त्यांना कुठून कळणार?

आणि खरं सांगायचं तर अभ्यासाच्या बाबतीत तू मला शहाणपण शिकवू नयेस. तुझा मुलगा दोनदा गणितात आपटला आणि छापखान्यात लागला. तेव्हा तुझ्या पुढच्या खोलीत मशीनं खडखडत होती, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी तेव्हा काही बोललो नाही.

परीक्षा संपली की बाबांना घेऊन जाईन.

छोट्या


६ ऑक्टोबर

छोट्या,

तुझ्या पत्राला मी एवढे दिवस उत्तर दिलं नाही, कारण तेव्हाच्या तेव्हा लिहिलं असतं तर पोस्टाच्या पेटीने पेट घेतला असता.

माझा मुलगा छापखान्यात आहे. तुझ्या ऑफिसची बिलं त्याच्याच मशीनवर निघतात. दर महिन्याला त्याच्या हातचा कागद तू लोकांच्या नाकासमोर नाचवतोस, तेव्हा जीभ जरा आवर. मशीनं खडखडत होती म्हणून तो नापास झाला म्हणतोस. असेलही. पण ती मशीनं बंद ठेवली असती तर आम्ही खाल्लं काय असतं, हेही पुढच्या पत्रात लिही.

आता तुझ्या शांत घराबद्दल. भिंगरीचं कार्ड आलंय, आजोबांच्या नावाने. पहिल्या चाचणीत गणितात निम्मे गुण, विज्ञानात त्याहून कमी. खाली लिहिलंय, "आईबाबांनी आता तिसरी शिकवणी लावली आहे. घरी सगळे पायाच्या बोटांवर चालतात." बाबांनी ते कार्ड वाचलं, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि जेवले नाहीत.

अरे, बाबा तिथे होते तोवर हीच पोरगी वर्गात पहिल्या पाचांत असायची ना? कुठल्या शिकवणीने आणलं होतं तिला तिथे? डोळे आहेत की बटणं लावलीयत?

तू विसरला असशील, मी नाही विसरले. बाबा कामावरून आले की हातपाय धुऊन बाहेरच्या पायरीवर बसायचे आणि आपल्या दोघांना समोर उभं करायचे. "सांगा आज काय शिकलात. मोठ्याने!" मी पाढे म्हणायचे, नद्या सांगायचे, इतिहासातल्या लढाया हातवारे करून लढायचे. बाबा मांडीवर थाप मारायचे, "बरोबर!" त्या एका शब्दासाठी मी दिवसभर शाळेत कान देऊन बसायचे रे. मुलींच्या शाळेत पहिली आले ती त्या पायरीवर. पुढे शिकले नाही ते माझं लग्न उरकलंत म्हणून, डोकं नव्हतं म्हणून नव्हे. आईने कधी पुस्तक हातात धरलं नाही, घरात टेबल नव्हतं, एका दिव्याखाली आपण दोघं डोकं घालायचो. पण घरात एक माणूस आपल्यासमोर बसून ऐकत होता. घर घर म्हणतात ते आणखी काय असतं?

बाबांना परत घेऊन जा. माझ्याकडे ते भिंतीकडे बघत बसतात. मशीनच्या खडखडाटात त्यांच्याशी बोलायला इथे कोणाला सवड नाही, मलाही नाही, हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

ताई


१४ ऑक्टोबर

ताई,

पायरीची आठवण तू मला करून देऊ नकोस. मी विसरलेलो नाही. मी एक दिवससुद्धा ती पायरी विसरलेलो नाही.

तू म्हणतेस आपल्या दोघांना उभं करायचे. बरोबर. आधी तू. तुझी लढाई, तुझे हातवारे, तुझं "बरोबर". मग मी. मी तोंड उघडायचो आणि दोन शब्दांत बाबांचा हात वर जायचा. "चूक! परत सांग!" परत सांगितलं की परत चूक. तिसऱ्यांदा सांगेपर्यंत समोरच्या दुकानाच्या फळीवर बसलेली टाळकी खिदळायला लागायची. शाळेत जाताना वाटेत ती माझ्यामागे ओरडायची, "चूक! परत सांग!" तू तेव्हा मैत्रिणींबरोबर पुढे निघून गेलेली असायचीस.

आठवीपर्यंत मी वर्गात हात वर केला नाही. मास्तरांनी विचारलं की उभा राहून बुटांकडे बघायचो. नापास झालो तेव्हा बाबा म्हणाले, "घरी एवढं घोकून घेतो तरी?" तुझ्यासाठी ते घर होतं, ताई. मला तिथे रोज संध्याकाळी सगळ्या गल्लीसमोर उभं करायचे.

माझ्या मुलीला मी त्या पायरीवर उभं करणार नाही. तू काय वाटेल ते म्हण.

गुण कमी पडले कारण तिचं लक्ष तुमच्याकडे लागलंय. कार्डं लिहीत बसते. कृपा करून बाबांना उत्तरं पाठवू देऊ नकोस. आता मी स्वतः तिचा अभ्यास घेतो. ऑफिसातून आलो की कपडेही न बदलता तिच्यासमोर बसतो. आरडाओरडा नाही, काही नाही. ती हळू आवाजात सांगते, मी पुस्तकात बघतो. एक चूक माझ्या नजरेतून सुटत नाही.

छोट्या


२२ नोव्हेंबर

छोट्या,

आज भांडायला लिहीत नाहीये. म्हणजे, संताप आलाय, अंगाची लाही लाही होतेय, पण नक्की कोणावर काढावा ते कळेनासं झालंय.

गेल्या आठवड्यात कापडाचे तागे घेऊन टेम्पो आला. ड्रायव्हर गाडी मागे घेत होता. बाबा बरोब्बर गाडीच्या मागे, पाठ करून उभे. भोंगा वाजतोय, मी ओरडतेय, कामाच्या बायका ओरडतायत, बाबा ढिम्म. शेजारच्या सलूनमधला न्हावी हातातला वस्तरा टाकून धावला आणि त्याने त्यांना कमरेला धरून बाजूला ओढलं. बाबा त्याच्यावरच खेकसले, "ढकलतोस काय रे!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानांना यंत्र लावून तपासलं. बाई बाहेर आल्या आणि मलाच विचारतात, "तुम्ही यांच्याशी इतकी वर्षं बोलत कसं होता?" मी म्हटलं, मोठ्याने. तर म्हणाल्या, "मोठ्याने बोलून काय उपयोग? यांना कमी ऐकू येत नाही, काहीच ऐकू येत नाही. रोजचे चार शब्द ओठांवरून ओळखत असतील. बॉयलरचं काम करणाऱ्यांचे कान असेच जातात. आधी बारीक आवाज जातात. घंटा, पाखरं, लहान मुलांचं बोलणं. तुम्ही शाळेत होता तेव्हाच ते गेलं असणार."

मी म्हटलं शक्यच नाही. आमचे पाढे ऐकायचे ते, चुका काढायचे. बाईंनी तपासणीचा कागद माझ्यापुढे सरकवला.

घरी येऊन मी पेपराच्या कोऱ्या कडेवर ठळक अक्षरात लिहिलं, "लहानपणी आम्ही सांगायचो ते तुम्हाला ऐकू यायचं का?" बाबांनी चष्मा लावला, वाचलं, काढून ठेवला. म्हणाले, "कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही म्हटल्यावर कामावरून काढलं असतं. मग बोललो नाही कोणाला." मी पेपरावर बोट ठेवून तसाच तो त्यांच्यासमोर धरला. तेव्हा म्हणाले, "तोंडावरून कळतं गं. ज्याला येतं त्याचं तोंड वेगळं असतं. ज्याला येत नाही तो घाबरलेला दिसतो. घाबरलेला दिसला की म्हणायचं, चूक, परत सांग."

एवढं बोलून चहा मागितला. जसं काही मी त्यांना बाजारभाव विचारला होता!

माझ्या नद्या, माझ्या लढाया, काही म्हणजे काही त्यांच्या कानात गेलं नाही. मी आयुष्यभर ज्या 'बरोबर'वर उड्या मारल्या, ते माझ्या फुगलेल्या गालांना दिलेलं होतं. मी त्या दिवशी सात गणवेशांचे खिसे उलटे शिवले आणि दोरा उसवता उसवता रडले. कामाच्या बायका विचारतायत काय झालं. काय सांगणार, डोंबल?

तुला न कळवता राहावलं नाही.

ताई


२८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि उठून जिन्यात जाऊन उभा राहिलो. शिपाई विचारायला आला, साहेब, बरं नाही का. मी त्याच्यावर ओरडलो. माझा आवाज एवढा मोठा आहे हे त्याला आणि मला दोघांनाही आजच कळलं.

तुला गाल आठवले. मला काय आठवलं ते ऐक.

माझं तोंड जन्मापासून घाबरलेलं आहे. ओळखपत्रावरच्या फोटोत मी चोरासारखा दिसतो. लग्नाच्या फोटोत सगळे विचारतात याला कोणी जबरदस्तीने बसवलंय का. बाबांनी "घाबरलेला दिसला की चूक" असं ठरवलं होतं, तर मी काय सांगत होतो याच्याशी त्यांचा संबंधच नव्हता. म्हणजे मी बरोबर सांगत होतो, ताई! रोज नाही, पण पुष्कळदा. मला पाठ होतं. मी शाळेतून येताना वाटभर म्हणत यायचो. पायरीवर उभा राहून बरोबर उत्तर द्यायचो आणि ते म्हणायचे चूक. मग मला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलंय. मी दुसरं उत्तर द्यायचो. तेही चूक. मग तिसरं. मला रोज संध्याकाळी बरोबर उत्तर टाकून चुकीच्या उत्तराकडे जायला शिकवलं गेलं, आणि तेवढी एक गोष्ट मी पक्की शिकलो. अजून ऑफिसात बेरीज पहिल्या झटक्यात जुळली की मी ती खोडतो. पुन्हा करतो. वरचे साहेब हसतात.

आणि ते म्हणाले, "घरी एवढं घोकून घेतो तरी?" हे म्हणणारा माणूस ठार बहिरा होता! नोकरी जाईल म्हणून कामावर लपवलं, ते समजू शकतो. घरी काय जाणार होतं? बायकोला सांगायचं होतं. आम्हाला सांगायचं होतं. "पोरांनो, मला ऐकू येत नाही", एवढं एक वाक्य. ते वाक्य गिळलं आणि त्याच्या जागी मला 'चूक' म्हणत राहिले.

मी त्यांना इकडे आणणार नाही. मार्चनंतरही नाही. राहिलेले कपडे पार्सलने पाठवतो. तुला झेपत नसेल तर तसं कळव, दुसरी सोय बघू.

भिंगरीचंही आता काय सांगू? सहामाहीच्या तोंडी परीक्षेत तिने तोंडच उघडलं नाही. शाळेने आम्हाला बोलावलं. बाई म्हणाल्या, वहीत सगळं बरोबर असतं, पण प्रश्न विचारला की नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहते. असंच चाललं तर मार्चच्या परीक्षेला बसवायचं की नाही याचा विचार करावा लागेल. एवढा पैसा, एवढी मेहनत, आणि ही मुकी होऊन बसली. बाबांसमोर इतकी वर्षं ओरडून तिचंही तेच झालंय जे माझं झालं होतं. त्यांनी माझी वाट लावली, आता माझ्या पोरीची.

छोट्या


१० डिसेंबर

छोट्या,

तार मिळाली असेलच. भिंगरी माझ्याकडे आहे, धडधाकट आहे. शाळेच्या दप्तरासकट बसमध्ये बसली आणि सरळ इथे उतरली. तिला रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण इथे येऊन रागाव, पत्राने नको. तिच्या आईला सांग, पोरीने आल्याबरोबर पोटभर खाल्लं.

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. ती आली, माझ्याशी धड बोललीही नाही, चपला कशाबशा काढल्या आणि बाबांच्या समोर फतकल मारून बसली. पुस्तक काढलं. आणि सुरू! मानवी हृदयाचे कप्पे, रक्त कुठून येतं, कुठे जातं. मशीनं चालू होती तरी तिचा आवाज वर. कामाच्या बायका पाय थांबवून ऐकायला लागल्या. एका जागी अडखळली, बाबांचा हात वर गेला, "चूक! परत सांग!" आणि ही चक्क हसली. परत पहिल्यापासून सुरू.

मला राहावेना. तुझं पत्र डोक्यात होतं. मी जाऊन तिच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि म्हटलं, "अगं वेडे, कोणासमोर घसा फोडतेस? त्यांना काही ऐकू येत नाही! कधीच येत नव्हतं!"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच वेडी.

"माहितेय की, आत्या," म्हणाली. "लहान होते तेव्हापासून माहितेय."

मग कोणासाठी ओरडतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, ते मी माझ्या बाबांना लिहून देते, तू तुझ्या पत्रात घाल. तिने दिलेला कागद सोबत आहे. मी वाचलाय. वाचून माझं तोंड बंद झालंय, आणि माझं तोंड सहसा बंद होत नाही हे तुला माहीत आहे.

ताई


बाबा,

मी न सांगता आले म्हणून तुम्ही चिडला असाल. मीसुद्धा चिडले आहे. आधी माझं वाचा, मग तुमचं सांगा.

आजोबांना ऐकू येत नाही हे मला बालवाडीत असताना कळलं. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून त्यांना माकड म्हणाले होते आणि ते वळलेच नाहीत. मी कोणाला सांगितलं नाही कारण त्यांना ते कोणाला कळायला नको होतं. मी त्यांच्यासमोर ओरडायचे कारण तुम्हाला आणि आईला वाटायला हवं होतं की त्यांना ऐकू येतं.

पण मग मला ते आवडायला लागलं. कारण त्यांच्यासमोर मी काहीही चुकीचं बोलू शकायचे. घरात सगळ्यांना माझी चूक ऐकू येते, बाबा. आईला स्वयंपाकघरातून ऐकू येते. शिकवणीच्या सरांना तर मी बोलायच्या आधीच ऐकू येते. एकटे आजोबा असे होते की त्यांच्यासमोर मी दहादा चुकून अकराव्यांदा बरोबर सांगायचे आणि मधल्या दहांचा कोणालाही पत्ता नसायचा. ते 'चूक' म्हणायचे ते माझ्या तोंडाला म्हणायचे. मला माहीत होतं की मी कुठे चुकलेय ते त्यांना माहीत नाही. म्हणून मला भीती वाटायची नाही. मी शोधायचे, कुठे चुकलं, आणि मला सापडायचं.

आता घरात इतकी शांतता आहे की मी चूक नुसती मनात आणली तरी ती सगळ्यांना ऐकू जाईल असं वाटतं. तुम्ही समोर बसता, पुस्तकात बोट ठेवता. मी तोंड उघडायच्या आधीच तुमचे ओठ 'चू' करतात. तुम्हाला ते कळत नाही. मला दिसतं. मग मला येत असलेलंसुद्धा येत नाही. तोंडी परीक्षेत बाईंचे ओठ बघत बसले.

तुमचं आणि आजोबांचं लहानपणी काय झालं ते आत्याने मला सांगितलं. तुम्हाला ते बहिरे आहेत हे कोणी सांगितलं नाही. तुम्हाला मी सांगितलं असतं. पण मी तेव्हा नव्हते.

मी परीक्षा देणार आहे. मला आजोबा घरी हवेत. त्यांच्याशिवाय मी येणार नाही.

भिंगरी


१५ डिसेंबर

बाबा,

मी तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहितोय. ताईने वाचून दाखवायचा प्रयत्न केला तर तिला सांगा, उपयोग नाही. तुम्हीच चष्मा लावून वाचा. अक्षर मोठं काढलंय.

रविवारी गाडी घेऊन येतोय. भिंगरीला आणि तुम्हाला न्यायला. ट्रंक भरून ठेवा. संध्याकाळी ती तुमच्यासमोर बसेल आणि पाहिजे तेवढं ओरडेल. खालच्या मजल्याला काय सांगायचं ते मी बघेन. त्या वेळी मी खोलीत नसेन. ते तिचं तिला हवंय, आणि तिला हवं ते तिला मिळेल. हे तिच्यासाठी आहे. मी तुम्हाला माफ केलंय असं समजून गाडीत बसू नका.

मी तुमच्यावर चिडलोय, बाबा. खूप चिडलोय. हे मी तोंडाने सांगितलं तर तुम्हाला ऐकू येणार नाही आणि माझं तोंड बघून तुम्हाला वाटेल मी घाबरलोय, म्हणून लिहितोय. माझं तोंड असंच आहे. मला येत असतानाही ते असंच होतं. तुम्ही ते वर्षानुवर्षं बघितलंत आणि एकदासुद्धा तुम्हाला वाटलं नाही की या पोराला येत असेल. तुम्हाला ऐकू येत नव्हतं यात तुमचा दोष नाही. पण शेजारी ताई उभी होती. आई आत होती. "तो बरोबर सांगतोय का गं?" एवढं कोणालाही विचारता आलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत.

रविवारी निघण्याआधी मी ताईला, भिंगरीला आणि त्या कामाच्या बायकांना खोलीबाहेर काढणार आहे. दार लावून तुमच्यासमोर बसणार आहे आणि मला जे म्हणायचंय ते सगळं मोठ्याने म्हणणार आहे. तुम्हाला एक अक्षर ऐकू येणार नाही. मला चालेल. मला रडायला येईल, माझं तोंड फार वाईट दिसेल. तुम्ही फक्त बसा, आणि मी थांबेपर्यंत हात वर करू नका.

छोट्या